जन्माची नोंद कुठे आहे, ते आधी शोधा

(शहापूर-मुरबाडच्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता नगरपंचायतीचा कारभार आणि राज्यातले नवे नियम. एवढं सगळं एका बैठकीत होणार नाही. म्हणून नगराध्यक्षांचा भाग दोन मिनिटांत उरकतो आणि ज्यासाठी खरं तर आलोय तिकडे वळतो.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी २०१५ साली नगरपंचायत आली. दोन्हीकडे १७ प्रभाग, १७ नगरसेवक. मागचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला आणि, ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात अडकलेल्या जागांसाठी, १८ जानेवारी २०२२ ला झालं. तेव्हा नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडला. त्याच वर्षी कायदा बदलला आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरलं. २०२४ मध्ये अडीच वर्षांचा कार्यकाळ पाच वर्षांचा केला. डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथ, बदलापूरला अशीच थेट निवडणूक झाली. पुढच्या वेळी तुमच्या हातात दोन मतं असतील, एक प्रभागाचं आणि एक नगराध्यक्षाचं. उमेदवार दारात आला की गटाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं कुठे ठेवलीत आणि कुठल्या हालतीत आहेत?

हे का विचारायचं?

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. केंद्राने २०२३ मध्ये तो बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून बदल लागू झाला. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, मतदार यादी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्म प्रमाणपत्र. व्हॉट्सॲपवर हेच सगळ्यांना लागू असल्यासारखं फिरतं. तसं नाही. १९९५ मध्ये जन्मलेल्याचा शाळेचा दाखला एका रात्रीत रद्दी झालेला नाही. हे आधी घरी जाऊन अम्मीला सांगा, म्हणजे तिला झोप लागेल.

पण निवांत बसायचंही कारण नाही. जन्माला एक वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जानेवारी २०२५ मध्ये, मालेगावात बांगलादेशी आणि रोहिंग्यांना असे दाखले दिल्याचे आरोप किरीट सोमय्यांनी केल्यावर, राज्य सरकारने उशिराच्या नोंदी थांबवल्या आणि चौकशी पथक नेमलं. १२ मार्च २०२५ ला नवी कार्यपद्धती आली. त्यात कागदपत्रांची कडक छाननी, जाहीर सूचना, पोलिसांचा अहवाल आणि खोटी माहिती दिली तर गुन्हा. पुढे ११ ऑगस्ट २०२३ नंतर नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश रद्द करायचंही ठरलं. ज्यांनी रीतसर अर्ज केला होता, फी भरली होती, त्यांच्या हातातला कागदही त्यात गेला. चूक सही करणाऱ्याच्या अधिकाराची आणि भोगायचं अर्जदाराने. मला हे अन्यायाचं वाटतं. खोटा दाखला पकडायचा तर एकेक प्रकरण तपासायला हवं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: नवी नोंद करायला धावण्याआधी जुनी शोधा. आपल्याकडे बऱ्याचदा नोंद असते, आपण चुकीच्या ऑफिसात शोधत असतो.

जन्म जिथे झाला तिथे नोंद होते, घर जिथे आहे तिथे नाही. आपल्या किती बहिणींना बाळंतपणाच्या वेळी इथून पुढे पाठवतात! उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जन्म झाला असेल तर नोंद उल्हासनगर महापालिकेत. कळव्याच्या रुग्णालयात झाला असेल तर ठाणे महापालिकेत. आणि आपण मुरबाडच्या खिडकीवर "नोंद नाही" ऐकून परत येतो. जन्म घरी, गावात झाला असेल तर ग्रामपंचायत. शहापूर किंवा मुरबाड गावातला २०१५ च्या आधीचा जन्म असेल तर ग्रामपंचायतीच्या काळातलं रजिस्टर. त्याहून जुनं, दादा-दादीचं काही हवं असेल तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हीच रजिस्टरं उघडली, मोडी वाचणारे शोधून आणले. ज्या कपाटांकडे कोणी बघत नव्हतं त्यांची किंमत तेव्हा कळली. मुस्लिम ओबीसींनाही जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतोच, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. तिथे हे जुने कागद कामाला येतात.

नोंद सापडते पण नावाची जागा रिकामी असते, हेही नेहमीचं. दवाखान्याने "मुलगी" एवढंच कळवलेलं असतं. नाव नंतर घालता येतं, पहिले बारा महिने मोफत, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घरात बारा-तेरा वर्षांचं भावंड असेल तर या महिन्यात बघून घ्या.

आता स्पेलिंग. माझा धंदा डेटाचा आहे, म्हणून हे जरा जास्त बोलतो. मराठीत झैनब, जैनब, दोन्ही लिहितात. इंग्रजीत कोणी झेड टाकतो, कोणी जे. शेखची तीन स्पेलिंगं एकाच घरात. मोहम्मदचं "मो." होतं. मग आपण काय करतो? जे बदलायला सोपं ते बदलतो, म्हणजे आधार. आणि चुकीच्या कागदाशी बरोबर कागद जुळवून बसतो. आमच्यात डेटा जुळवताना आधी ठरवतात की मूळ कुठला धरायचा. इथेही जन्माचं रजिस्टर आधी बघा, मग शाळेचं जनरल रजिस्टर, आधार सगळ्यात शेवटी. रजिस्टरातली चूक कलम १५ खाली पुराव्यासह दुरुस्त होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात. त्यामुळे स्वतः पेनाने काही "नीट" करू नका, एजंटालाही करू देऊ नका. या काळात संशयास्पद कागद हातात असणं कागद नसण्यापेक्षा वाईट.

आणखी एक. हा प्रश्न फक्त आपला समजू नका. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी, ठाकूर घरांत बाळंतपणं घरी झाली, काही मुलं तर वीटभट्टीवर जन्मली, दुसऱ्याच तालुक्यात. त्यांच्याकडे आपल्यापेक्षाही कमी कागद आहेत. मोहल्ल्यात मदतीचं टेबल लावाल तर बाजाराच्या दिवशी लावा, पाड्यावरची माणसंही येतील.

जाताना साधा कागद न्या: नाव, आई-वडिलांचं नाव, जन्माचं ठिकाण, अंदाजे वर्ष. आधी शोध मागा, मग उतारा. कलम १७ प्रमाणे शोध घ्यायला लावणं हा तुमचा हक्क आहे. नोंद सापडली नाही तर तोंडी "नाही" घेऊन परतू नका, लेखी अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. पुढचा अर्ज त्याच्यावरच उभा राहतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. जन्म दाखला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतो. किती दिवसांत द्यायचा आणि न दिल्यास अपील कोणाकडे, हे ऑफिसात फलकावर लावलेलं असायला हवं. फलक नसेल तर पहिला अर्ज त्याचाच करा.