वर्ग प्रत्यक्ष की मोबाइलवर?

कोरोनामुळे मार्च 2020 मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि मीरा-भाईंदरची मुले चर्चगेट लोकलऐवजी मोबाइलसमोर बसली. राज्यात प्रत्यक्ष वर्ग पुन्हा सुरू झाले, ते 20 ऑक्टोबर 2021 पासून.

ऑनलाइन शिकवणीचा फायदा नाकारू नये. भाईंदरहून गर्दीत उभ्याने होणारा प्रवास वाचला. न समजलेला भाग थांबवून पुन्हा ऐकता आला. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी ही सोय आजही मोलाची आहे.

पण रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक घ्या. ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडताना आम्लाचे द्रावण फिकट गुलाबी होते. त्या क्षणी तोटी बंद करायची. एखादा थेंब जास्त पडला तरी उत्तर चुकते. हा अंदाज व्हिडिओ पाहून येत नाही, हाताला सराव लागतो. शिवाय समोरच्या मुलाच्या कपाळावरची आठी पाहून शिक्षक मुद्दा पुन्हा समजावतात. कॅमेरे बंद असले की त्यांना दिसतात फक्त नावे. आणि एका खोलीत दोन भावंडे, मोबाइल एकच, अशा घरांत तासाला हजर राहणे हेच अवघड होते.

म्हणून प्रयोग आणि शंका वर्गात, उजळणी ऑनलाइन, अशी विभागणी मला योग्य वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरून करता येतात. नाव नोंदवण्याआधी मात्र त्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक धरले जातील का, हे आपल्या महाविद्यालयात विचारून घ्या.