वरच्या वर्गाची पात्रता

इंजिनियरिंग महाविद्यालयांतील मुलामुलींच्या तोंडीं एक शब्द नेहमीं ऐकूं येतो : ए. टी. के. टी. घरांत वडील मंडळींनीं निकाल विचारला, तर उत्तर येतें, "वरच्या वर्गांत गेलों, दोन ए. टी. के. टी. आहेत." वरच्या वर्गांत गेला आणि दोन विषयांत नापासहि झाला, हें कोडें पुष्कळ घरांना उलगडत नाहीं. शब्दाचा अर्थ साधा आहे. मागील पिढी 'टर्म भरणें' म्हणत असे. कांहीं विषय राहिले असतांनाहि पुढील वर्षाची टर्म भरण्यास दिलेली परवानगी, एवढाच तो. या परवानगीविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मुंबई-पुण्याकडील विद्यापीठांत नियमाचा सांगाडा साधारणपणें असा असतो : पहिल्या वर्षाचे थोडे विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षांत जातां येतें, परंतु तिसऱ्यांत पाऊल टाकावयाचें, तर पहिलें वर्ष संपूर्ण उत्तीर्ण हवें, आणि दुसऱ्याचे राहिलेले विषय ठराविक मर्यादेंत हवेत. ही मर्यादा कोठें विषयांच्या संख्येनें सांगतात, कोठें श्रेयांकांनीं. अभ्यासक्रम बदलला कीं आंकडेहि बदलतात. म्हणून थोरल्या भावाच्या वेळचा नियम धाकट्यास लावूं नये.

पण असा अडसर मुळांत घालावयाचा कशाला? एक उदाहरण घेऊं. दोन भिंतींवर टेकलेली लोखंडी तुळई आहे. प्रत्येक भिंतीवर किती भार येतो, हें पहिल्या वर्षाचें यंत्रशास्त्र सांगतें. ती तुळई मध्यभागीं किती वांकेल, हा दुसऱ्या वर्षाचा प्रश्न. त्यास कॅल्क्युलस लागतें, कारण बिंदूबिंदूपाशीं असलेल्या वक्रतेचें दोनदां समाकलन केल्याशिवाय बाक निघत नाहीं. तें गणित केलें म्हणजे कळतें कीं, तुळई तीच आणि फुटामागें भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर बाक दुप्पट होत नाहीं, सोळापट होतो! आतां तिसऱ्या वर्षांत या. तीच तुळई लांबवून समान अंतरावरील तीन खांबांवर ठेवली आहे आणि भार सर्वत्र सारखा आहे. मधल्या खांबावर किती भार येईल? आपण अंदाजानें म्हणूं, एकंदर भाराच्या निम्मा. अखंड तुळईच्या बाबतींत तें खरें नाहीं. मधला खांब आठांपैकीं पांच हिस्से भार उचलतो, म्हणजे आपल्या अंदाजाच्या सव्वापट. हें उत्तर नुसत्या यंत्रशास्त्रानें येत नाहीं. मधल्या खांबापाशीं बाक शून्य आहे, ही अट घालावी तेव्हांच तें येतें. ज्यास दुसऱ्या वर्षाचा बाक काढतां येत नाहीं, त्याला हे 'पांच हिस्से' एखाद्या मंत्रासारखे पाठ करावे लागतात. आणि खांबांचीं अंतरें असमान झालीं, कीं मंत्र निरुपयोगी!

नियमाचा हेतु असा सरळ आहे. माझी तक्रार त्याच्या मोजमापाविषयीं आहे. दोन विद्यार्थी घ्या. दोघांचेहि दुसऱ्या वर्षाचे दोन दोन विषय राहिले. एकाचे राहिले संभाषणकौशल्य आणि पर्यावरणपरिचय. दुसऱ्याचे गणित आणि पदार्थांचें बल. नियमाच्या तराजूंत दोघे सारखेच. वास्तविक पहिल्याला तिसऱ्या वर्षांत कांहीं अडणार नाहीं, आणि दुसऱ्याला पहिल्या आठवड्यापासूनच अडेल. अमेरिकेंतील विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत वरच्या विषयाखालीं, त्यापूर्वीं अमुक विषय झालेला असावा, असें छापलेलें असतें. किती राहिले यापेक्षां काय राहिलें, याकडे तेथें लक्ष असतें.

आपल्याकडे हें का होत नाहीं, याला कारणेंहि आहेत, आणि तीं अगदींच पोकळ नाहींत. एका विद्यापीठाशीं अनेक महाविद्यालयें संलग्न असतात, वेळापत्रक बांधलेलें असतें, एक विषय अडला तर मुलाचें सबंध वर्ष जातें. खिडकीमागच्या कारकुनाला विषय मोजतां येतात. विषयांचें नातें त्यानें कसें ठरवावें?

हेंच न्यून पदविकाधारकांच्या बाबतींत अधिक जाणवतें. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळतो. त्यास ४५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांस ४०. ही सोय फार चांगली आहे. हीं मुलें कार्यशाळेंत तरबेज असतात. परंतु पदवीच्या पहिल्या वर्षाचें गणित त्यांनीं केलेलें नसतें, आणि दुसऱ्या वर्षीं लाप्लास व फूरिये यांचीं प्रकरणें एकदम अंगावर येतात. त्यांतच त्यांचे प्रवेश पुष्कळदां वर्ग सुरूं झाल्यावर पुरे होतात, म्हणजे आरंभींचीं व्याख्यानेंहि गेलेलीं! टक्के पुरेसे होते, पात्रता कागदावर पूर्ण होती, आणि तरी पहिल्याच परीक्षेंत गणित राहतें.

बी. एस्सी. झालेल्यांनाहि, बारावीस गणित असेल तर, हीच वाट मोकळी आहे. त्यांच्याविषयीं मात्र अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें विषयाचें नांव घेऊन अट घातली : पहिल्या वर्षाचें अभियांत्रिकी चित्रकाम आणि यंत्रशास्त्र त्यांनीं दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर उत्तीर्ण करावें. मला हवा आहे तो नियम असा. एक पदवी घेऊन मग इंजिनियरिंगकडे वळणें नवें नाहीं, हें जातां जातां सांगतों. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या १८८१ मध्यें बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून बी. ए. झाले, मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आले, आणि १८८३ मध्यें एल. सी. ई. परीक्षेंत पहिले आले.

तेव्हां पदविकेचा निकाल लागून प्रवेश होईपर्यंतचे जे आठवडे घरांत वाट पाहण्यांत जातात, ते पहिल्या वर्षाच्या गणिताला द्यावेत. पुस्तक शेजारच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे सहज मिळतें. आणि तिसऱ्या वर्षाचें शुल्क भरण्यापूर्वीं, किती विषय राहिले, एवढेंच मुलांना विचारूं नका. कोणते राहिले तें विचारा. उत्तरांत गणिताचें नांव आलें, तर सुट्टीचा बेत त्याच संध्याकाळीं बदलावा.