संमोहन : भ्रम, शास्त्र आणि आपले शब्द
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



'संमोहन व मनःस्वास्थ्य' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी वैद्य नव्हे, मानसशास्त्राचा पदवीधरही नव्हे. केवळ मॅट्रिक झालेला जुना शाळामास्तर. तथापि या विषयाशी माझा संबंध जडला तो ग्रंथांमुळे नव्हे, तर माझ्याच एका अपराधामुळे. तो मी यथावकाश निवेदन करीन.

संमोहन म्हटले की आपणांस लोलक हालवणारा रंगमंचावरील जादूगार आठवतो, अथवा भुरळ घालून लुबाडणारा भोंदू. या गैरसमजाचा उगम जुना आहे. मेस्मर नामक वैद्याने अठराव्या शतकात असे प्रतिपादिले की, देहात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो व तो वळवून रोग बरे करता येतात. पॅरिसमध्ये त्याच्या मताचा फार बोलबाला झाला. तेव्हा १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँक्लिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. बागेतील एकच झाड 'भारित' करून एका मुलास डोळे बांधून तेथे नेण्यात आले. तो मूर्च्छित पडला खरा, परंतु भलत्याच झाडाखाली! द्रव वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्णय समितीने दिला.

निर्णय यथार्थ होता. परंतु केवळ कल्पनेने धडधाकट मुलगा मूर्च्छित पडत असेल, तर ती कल्पनाशक्ती हितासाठी का वापरू नये, हा प्रश्न मागे उरलाच. आपल्याच देशात, बंगालमधील हुगळी येथे, जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८४५ सालापासून रोग्यांना अशा अवस्थेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. १८४६ साली ईथर व १८४७ साली क्लोरोफॉर्म प्रचारात आले आणि ही रीत मागे पडली. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड याने १८४३ साली आपल्या ग्रंथात या विद्येस ग्रीक भाषेतील निद्रावाचक शब्दावरून नवे नाव दिले. पुढे ही निद्रा नव्हे, एका कल्पनेवर झालेली चित्ताची एकाग्रता होय, हे जाणून त्याने ते नाव बदलण्याचाही यत्न केला. पण रूढ झालेले नाव सुटले नाही. १९५५ साली ब्रिटिश वैद्यकीय संघाने या उपचारास मान्यता दिली.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. उपचारक रोग्यास स्वस्थ बसवितो, लक्ष श्वासावर अथवा एखाद्या शांत दृश्यावर स्थिर करवितो आणि मन निवांत झाल्यावर हितकर सूचना देतो. रोगी जागा असतो, ऐकत असतो, मनात आल्यास उठूनही जाऊ शकतो. चिंता, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, जुनाट वेदना, आतड्यांचे काही चिवट विकार यांत अन्य उपचारांच्या जोडीने याचा उपयोग होतो. मात्र हे रामबाण औषध नव्हे. सर्वांवर त्याचा सारखा परिणाम होत नाही. ज्यास भास होतात अशा रुग्णावर तो करू नये. संमोहनात आठवलेली प्रत्येक गोष्ट खरीच असते असेही नाही. म्हणून 'पूर्वजन्म दाखवितो' म्हणणाऱ्यापासून दूर राहावे व प्रथम मनोविकारतज्ज्ञाचाच सल्ला घ्यावा.

आता माझा अपराध. माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. फळ्यापाशी उभा केला की त्याचा हात थरथरे. मी त्यास वर्षभर सर्वांदेखत म्हणत असे, "गणित तुझ्या डोक्यात शिरायचे नाही." पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो मला भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, राग नाही. पण अजून हिशेब करू लागलो की तुमचा आवाज कानी येतो. नोकरीत बढतीची परीक्षा आली, तीन वेळा अर्ज मागे घेतला."

अखेर तो तज्ज्ञाकडे गेला. समुपदेशनाच्या जोडीला संमोहनाच्या काही बैठकी झाल्या. तीत मनाने तो पुन्हा त्या वर्गात गेला, फळ्यापाशी उभा राहिला आणि घाई न करता गणित सोडवू लागला. पुढे त्याने परीक्षा दिली. "आवाज अजून येतो गुरुजी," तो म्हणाला, "पण आता हात थांबत नाही." मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

तात्पर्य, सूचना देण्यास संमोहनकाराची खुर्ची लागत नाही. लहान मूल आपल्यावर पूर्ण विश्वास ठेवून ऐकत असते. आपण 'घाबरट', 'मठ्ठ', 'करंटी' म्हणतो आणि ते शब्द त्याच्या मनात घर करतात.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे. मुलीचे स्थळ मोडेल या धाकाने आपल्या घराघरांत मनाचे दुखणे लपविले जाते. मोडलेला हात आपण लपवीत नाही. मग खचलेले मन का लपवावे? आपल्या मंडळाने वधूवर मेळाव्याइतक्याच आस्थेने एखादे मनःस्वास्थ्य मार्गदर्शन शिबिर भरवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. ही सूचना तरी हितकर ठरो!