रायफलीचं माप

महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमुळे आपल्या इंदूरकरांना नेमबाजी परकी नाही. आमच्या घरी तर आजोबांची शिकारीची रायफल होती. पाहुणे आले की अक्रोडाच्या दस्त्यावरची नक्षी दाखवली जाई. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली, नक्षीचं कौतुक राहिलं.

मुलगी एअर रायफल शिकू लागली, तेव्हा क्लबचीच रायफल वापरायची. नेम कधी वर, कधी खाली. "तुझं लक्षच नाही," म्हणून मी दोन वर्षं तिला रागावलो. मग एक जुने प्रशिक्षक म्हणाले, "काका, आधी हिची मान बघा." दस्ता तिला लांब होता आणि गाल टेकवायची पट्टी खाली. दर वेळी मान वाकवून ती साइट शोधत होती. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर; तिथे असं कसं चालणार?

त्या दिवशी मी लेकीची माफी मागितली. आता तिची स्वतःची रायफल आहे. ॲल्युमिनियमचा दस्ता, जागोजागी स्क्रू, नक्षी नाही. पाहुण्यांना ती दाखवते आणि प्रत्येक स्क्रू कशासाठी, तेही सांगते. पालकांनो, मुलांना बोलण्याआधी रायफलीचं माप तपासा.