कामगार पुढाऱ्याचे रक्षण आणि न्याय

संघटना म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. घरी तेंदूच्या पानावर बिड्या वळणाऱ्या बायांना आणि तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतील मजुरांना ती ठाऊक आहे. छाटून टाकलेल्या बिड्यांची मजुरी एकट्या बाईने मागितली, तर कोण ऐकणार? म्हणून चारचौघे जमतात आणि एकाला पुढे करतात. श्रोतेहो, त्या पुढे झालेल्या माणसाच्या जिवाची काळजी सरकारने कशी घ्यावी, याचा आज विचार करू.

मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरणीच्या लढ्यात १९२०-२१ साली वाडिया यांच्यावर हायकोर्टाचा मनाईहुकूम आला. संपाच्या नुकसानीचा दावा पुढाऱ्यावर होऊ शकतो, हे तेव्हा उघड झाले. ना. म. जोशी यांनी कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला. नोंदलेल्या संघटनेला अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले. पुढे राज्यघटनेने संघटनेचा हक्क मूलभूत ठरविला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली.

आता तुम्ही म्हणाल, दाव्यापासून वाचलो, पण बंदुकीपासून?

भंडारा रोडहून गाडीत बसले की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ओलांडून भिलाई येते. तेथे शंकर गुहा नियोगी यांना २७ व २८ सप्टेंबर १९९१ च्या मधल्या रात्री झोपेतच गोळी घालण्यात आली. आपल्या जिवाला धोका आहे, हे त्यांनी डायरीत लिहून ठेवले होते. ध्वनिफितीवरही सांगून ठेवले होते. सरकारने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. दुर्गच्या न्यायालयाने १९९७ साली एकाला फाशी व पाच जणांना जन्मठेप दिली. पुढल्याच वर्षी हायकोर्टाने सर्वांना सोडले. जानेवारी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोळी झाडणाऱ्याला तेवढी जन्मठेप दिली. बाकीच्यांवरील कटाचा आरोप शाबीत झाला नाही. तेरा वर्षांवर काळ लोटला होता.

मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांचा १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत खून झाला. त्या खटल्यात कटाचा आरोप असलेला छोटा राजन २०२३ साली निर्दोष सुटला. पुरावा अपुरा पडला. काही महत्त्वाचे साक्षीदारही उलटले होते.

न्यायालय पुराव्यावर चालते आणि ते तसेच चालले पाहिजे. निर्दोषाला शिक्षा होऊन कामगाराचे काही भले होत नाही. पण खरी साक्ष द्यावयाची, तर साक्षीदाराला रात्री निवांत झोप लागली पाहिजे. तो बहुधा दुसरा कामगारच असतो. त्याची नोकरी, त्याचे घर त्याच वस्तीत असते. पुढाऱ्याच्या दारात शिपाई बसविला आणि या माणसाला मोकळे सोडले, तर ते रक्षण अपुरे होय.

हे ओळखून महाराष्ट्राने २०१७ चा साक्षीदार संरक्षण कायदा केला. सुप्रीम कोर्टाने ५ डिसेंबर २०१८ रोजी देशभरासाठी योजना मान्य केली. तीत धोक्याचे तीन वर्ग आहेत. अर्ज आल्यावर पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यावा, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने निर्णय घ्यावा. घरावर पहारा, ओळख गुप्त ठेवणे, प्रसंगी दुसऱ्या गावी राहण्याची सोय, हे सारे त्यात येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनेही अशी योजना करणे राज्यांवर सोपविले आहे.

पण बिडीच्या कट्ट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईपर्यंत हे पोहोचले आहे काय? धमकी आली की ती तोंडी सोडू नका. तारीख घाला, पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. साक्षीदाराचा अर्ज संघटनेनेच लिहून द्यावा. आणि ठाण्यातील अंमलदाराने 'बघू' म्हणून तो कागद बाजूला सारू नये. पुढे एखादा खटला उभा राहिला, तर तोच कागद कामी येतो. वेळीच हालचाल झाली, तर खटल्याची पाळीच येत नाही.