'यांना' म्हणजे कोणाला?



आयोजकांनी मला विषय दिला 'मोबाईल आणि आजचे सामाजिक प्रश्न', आणि वेळ दिला दहा मिनिटं. विषय ऐकून मला 1986 सालची आपली दहावी आठवली. 'दूरदर्शन : शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनी घोकून ठेवला होता आणि त्याचं शेवटचं वाक्य सगळ्यांचं एकच होतं, कारण गाईड एकच होतं. तसा निबंध आज वाचणार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती आपल्याच ग्रुपवर घडली, त्यामुळे निम्म्या लोकांना ती माहीत आहे. उरलेल्यांनी तेव्हा ग्रुप म्यूट करून ठेवला होता, त्यांना नव्यानं कळेल.

आधी माझी योग्यता सांगतो. मी ग्रुपचा ॲडमिन. माझा फोन मला दर रविवारी हिशेब देतो, आणि मागच्या वर्षीपर्यंत तो दिवसाला साडेपाच तासांच्या खाली कधी आला नव्हता. सकाळी दात घासायच्या आधी तुम्हाला फुलांचं चित्र आणि सुविचार पाठवणारा तो मीच. बायको म्हणायची, "देवासमोर दिवा लावायला वेळ नाही, पण ग्रुपवर आरती चालू आहे." असा माणूस या विषयावर बोलतो आहे, हे लक्षात असू द्या.

तर 12 नोव्हेंबर 2021, शुक्रवार. त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्यांवरून अमरावतीत मोर्चा निघाला, दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी बंद, पुन्हा मोडतोड, मग संचारबंदी. हे तुम्हा अमरावतीकरांना मी सांगायला नको. मी नोकरीच्या निमित्तानं अकोल्याला, शंभरेक किलोमीटरवर. शुक्रवारी रात्री जेवण करून पलंगावर पडलो होतो आणि कुठल्याशा दुसऱ्या ग्रुपमधून एक क्लिप आली. दुकान फोडत आहेत, आरडाओरडा चालू आहे, खाली लिहिलेलं : 'राजकमल चौक, आत्ताचं.' क्लिपवर ती दोन बाणांची खूण होती. म्हणजे ती अनेक हातांतून फिरून आलेली. अशी क्लिप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येते. ही अडचण मुद्दाम घातलेली आहे, आणि तिच्यामागे आपल्याच महाराष्ट्रातली माणसं गेलेली आहेत. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीवर पोट भरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून लोकांनी ठेचून मारलं. अफवा फोनवरून पसरली होती. देशात त्या काळात अशा आणखीही घटना झाल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, आणि 2020 साली फार फिरलेल्या मजकुराला एकच ठिकाण ठेवलं.

मला एकच जागा निवडायची होती. मी आपला वर्ग निवडला. वर स्वतःची एक ओळही टाकली : "यांना आता धडा शिकवायलाच पाहिजे."

दोन मिनिटांत आपल्या एका मित्राचा मेसेज आला. त्याचं नाव घेणार नाही, ही त्याची अट आहे. तो कोणत्या समाजाचा, हेही सांगणार नाही. शाळेत आपण त्याला हजेरीच्या क्रमांकानं ओळखायचो, तेवढं पुरे. राजकमलपासून जवळच त्याचं छोटं दुकान आहे. त्यानं लिहिलं, "व्हिडिओतली दुकानाची पाटी वाच. मराठी आहे का? हा आपला चौक नाही." आणि खाली, "अन् 'यांना' म्हणजे कोणाले बे?"

मी पाटी पाहिली नव्हती. तेव्हाही पाहिली नाही. मी उत्तर दिलं, "विषय बदलू नको." मग पुण्याहून एक जण, न्यू जर्सीहून एक जण, असे सगळे त्याच्यावर तुटून पडले. रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी पडद्यावर तो शब्द आला : 'लेफ्ट'.

शनिवारी अमरावतीचं इंटरनेट बंद झालं. आता गंमत पाहा. गंमत म्हणायची नसते, पण दुसरा शब्द सुचत नाही. ज्या गावात ते घडत होतं, ते गाव गप्प. आणि अकोला, पुणे, अमेरिका यांनी पुढच्या दोन दिवसांत त्या गावाबद्दल 412 मेसेज टाकले. मी नंतर मोजले. त्यात अमरावतीत राहणाऱ्याचा एकही नव्हता. फोन लागत होते. आपल्यापैकी कोणी कोणाला फोन करून 'दूध मिळतं का, औषध आहे का' असं विचारलं? मी तरी विचारलं नाही. मी वाद जिंकत होतो.

चौथ्या दिवशी मी ती क्लिप पुन्हा पाहिली. पाटी खरंच मराठी नव्हती. मित्राला फोन केला, उचलला नाही. तीनदा केला. चौथ्यांदा वहिनींनी घेतला. म्हणाल्या, "ते झोपले आहेत." सकाळचे अकरा वाजले होते. मग मी ग्रुपवर लांबलचक माफी लिहिली. तिला 31 अंगठे मिळाले. ज्याची माफी मागायची तो त्या ग्रुपमध्ये नव्हता.

दीड वर्ष गेलं. 13 मे 2023, शनिवारची रात्र. एका सोशल मीडियावरच्या पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली. एक माणूस गेला, अनेक जखमी झाले, जमावबंदी लागली, आमचं इंटरनेट बंद झालं. (दोन्ही वेळी 13 तारीख आणि शनिवार होता. याला काही अर्थ नाही, कृपया फॉरवर्ड करू नये.) मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन, घरात कोंडलेलो, आणि नेट नाही हे ठाऊक असूनही माझा हात दर दहा मिनिटांनी खिशाकडे जात होता. काढायचा, पाहायचं, ठेवायचा. दूधवाल्याला द्यायला घरात सुटे पैसे नव्हते. कित्येक महिन्यांत नोट हातात धरली नव्हती. त्यानं वहीत लिहून घेतलं. ती वही अजून चालू आहे हेच मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. अमरावतीहून, तोच.

"जित्ता हायेस ना बे?"

मी म्हणालो, "हो रे. तुझा फोन येईल असं वाटलं नव्हतं."

"काऊन? तुयं नेट बंद हाये म्हून लावला. आता तू आयकशील."

त्या फोननंतर आम्ही दोघं मूर्तिजापूरला भेटलो. त्याला अर्धं अंतर, मला अर्धं. स्टेशनबाहेर चहा घेतला. इकडची तिकडची विचारपूस झाल्यावर त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, "आता सांग. 'यांना' म्हणजे कोणाले?" आपल्या मराठीच्या सरांनी सर्वनाम शिकवताना बजावलं होतं, आधी नाम कोणतं ते सांगा. माझ्याकडे नाम नव्हतं. तो म्हणाला, "तुया त्या 'यांना'मंदी माया दुकानासमोरचा चहावाला येते. माया पोराले गणित शिकवते तो मास्तर येते. त्यायले कोणता धडा शिकवतं तू?" मी चहा पीत राहिलो. समोर माणूस असला की उत्तर नसताना गप्प बसता येतं. फोनवर ते जमत नाही, तिथे अंगठा आपोआप चालतो.

मूर्तिजापूरवरून आठवलं. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा आणि लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याचं, म्हणजे ते आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे. त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. ते विचारायचे आणि समोरच्यांना मोठ्यानं उत्तर द्यावं लागायचं, शेजारच्यांच्या देखत. अवघड विषय त्यांनी टाळले नाहीत. कर्ज, दारू, अस्पृश्यता, सगळं काढलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भांडणानंतर ग्रुपवर नियम झाला : 'राजकारण व सामाजिक विषय नकोत, फक्त वाढदिवस.' हा नियम मला पटलेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी एकमेकांना फक्त केकची चित्रं पाठवायची?

म्हणून पहिल्या रविवारची बैठक सुरू झाली. आधी दोघं, मग चौघं, आता अकरा जण असतो. मी अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं येतो, पुढे ऑटो. गिला वडा, चहा, आणि आल्या आल्या सगळे फोन एका कापडी पिशवीत. विषय आधी ठरतो, बाजू चिठ्ठी काढून, आपल्या शाळेतल्या वादविवाद स्पर्धेसारखी.

एका रविवारी विषय होता 'शेतकरी नवरा नको'. यावर ग्रुपवर आपण किती विनोद फिरवले आहेत, आठवा. त्या दिवशी मात्र आपला एक शेतकरी मित्र समोर बसला होता. त्याचा मुलगा 32 वर्षांचा आहे, बारा एकर आहे, विहीर आहे, आणि चार वर्षं स्थळं पाहणं चालू आहे. एकालाही विनोद सांगता येईना. मग आपली एक मैत्रीण म्हणाली, "मी खरं बोलते. माझी मुलगी मी शेतकऱ्याला देणार नाही. माझ्या आईला मी रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला शेतात जाताना पाहिलं आहे. लाईनच तेव्हा यायची." कोणी बोललं नाही. सोयाबीनचा भाव, कापसाचा भाव, हे सगळं आम्हाला पाठ होतं; त्या रात्रीच्या मोटरीबद्दल कोणी काही फॉरवर्ड केलं नव्हतं. मित्र बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, "तुया जागी मी असतो त मीबी देली नसती." दोघं पुढच्या महिन्यातही आले. मुलाचं अजून जमलेलं नाही.

अशी पिशवी इतर ठिकाणीही निघाली आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनं 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. आपल्या वर्गाचा अनुभव पाहता ती बंदी 50 च्या वरच्यांना आधी लागू करावी, असं माझं मत आहे. पोरं निदान खेळ खेळतात, आपण गावं पेटवतो.

माझा रविवारचा हिशेब आता तीन तासांवर आला आहे. सुविचार बंद केले, त्याबद्दल काहींनी आभारही मानले.

तो मित्र आज आला आहे. शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ, जिथे दहावीत बसायचा तिथेच. ग्रुपमध्ये परत ये म्हणून मी आज सकाळीही विचारलं. म्हणाला, "नाही येत. तुले काई सांगायचं असन त दुकानात ये." पुढच्या रविवारचा विषय त्यानं दिला आहे, आरक्षण. चिठ्ठ्या मी घरून करून आणीन. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी मला नाव सांगा, मी कागदावर लिहून घेतो.

आणि आत्ता जो वाजला तो फोन कोणाचा? सर, तुमचा? घ्या सर, घरून असेल.