मूठभर धान्य आणि पावतीपुस्तक



रमजानमध्ये आपण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो. गेल्या वर्षी सांगलीच्या एका दुकानदारांनी देणगी दिली, पण विचारले, "मास्तर, मागच्या पैशांतून कोण शिकले?" मला उत्तर देता आले नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तिच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. त्यांच्यासाठी मुष्टिफंड होता. घरोघरच्या बायका रोजच्या धान्यातून मूठभर बाजूला काढीत. एक मूठ ती केवढी! पण जी रोज मूठ काढते, तिला त्या मुलांची आठवणही रोज होते. आपण मात्र मोठा आकडा लिहिणाऱ्याच्या दारी आधी जातो. दहा रुपये देणाऱ्या खालाजानकडे पुन्हा जातो का? (मी तरी गेलो नाही.)

जकातीचा पैसा गरजू मुलांसाठीच. त्याचा हिशेब इमारत फंडात मिसळू नये. आणि मुलांनो, निकाल लागला की देणगीदारांना पत्र तुम्हीच लिहायचे, गुण कमी पडले तरी.

त्या दुकानदारांकडे मी जूनमध्ये जाणार आहे, पावतीपुस्तक घरी ठेवून.